उलट्या नखाचा तिसरा रुग्ण

माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्याचं नख उलटं वाढतंय हे मला कळलं, त्या दिवशी ते सांगावं असं कोणी जवळ नव्हतं. म्हणून मी ते फॉर्ममध्ये भरलं.

हे वाटतं तितकं विचित्र नाही. आमचं कामच ते आहे. औषध घेतल्यावर माणसाला काही भलतंच झालं, तर तो खोक्यातल्या घडीच्या कागदावर छापलेल्या नंबरवर फोन करतो. खालच्या मजल्यावरचे लोक ते टिपून घेतात आणि आमच्या मजल्यावर पाठवतात. आम्ही सोळा जण आहोत. आम्ही त्या माणसाचं नाव-गाव झाकतो, वय-वजन उघडं ठेवतो आणि त्याच्या दुखण्याला एक क्रमांक देतो. काहीही आलं तरी नोंदवायचं, हा नियम. रक्तदाबाच्या गोळीमुळे आपल्याला शेजाऱ्याचं गाणं आवडायला लागलं, असं एका बाईंनी कळवलं होतं. तेही आम्ही नोंदवलं. 'असंभव' ठरवलं, पण नोंदवलं.

केस व्हायला चार गोष्टी लागतात: एक रुग्ण, एक औषध, एक त्रास आणि एक सांगणारा. चारांतली एक जरी कमी पडली तरी केस होत नाही. त्रास आहे, औषध आहे, पण सांगणारा नाही, अशी माणसं जगात पुष्कळ असणार. ती आमच्यापर्यंत येत नाहीत.

माझ्या बाबतीत औषध होतं मुरुमांवरच्या कॅप्सूल. वय सव्वीस, पण चेहरा पंधराव्या वर्षातून पुढे सरकायला तयार नव्हता, म्हणून मी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, ओठ फाटतील, डोळे कोरडे पडतील, दर महिन्याला रक्त तपासायचं. नखाबद्दल काही म्हणाल्या नाहीत. पाचव्या महिन्यापर्यंत चेहरा साफ झाला आणि अंगठा बिघडला. चेहऱ्यावरच्या कर्मचाऱ्यांची कोणीतरी पायाकडे बदली केल्यासारखं ते दिसत होतं. जुनं नख पडेना, खालून नवं त्याला मागे ढकलत राहिलं, आणि ते पुढे वाढायचं सोडून मुळाकडे, मांसात घुसायला लागलं. एकावर एक तीन नखं, ऑफिसातल्या फायलींसारखी. बाईंनी भिंग लावून बघितलं आणि म्हणाल्या, हे दुर्मीळ आहे.

खरं सांगतो, मला बरं वाटलं. सव्वीस वर्षांत मला कोणी दुर्मीळ म्हटलं नव्हतं.

कॅप्सूलमुळे झालं का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, असेलही, नसेलही, असं क्वचित ऐकलंय. मग त्यांनी विचारलं, पळता का? मी बसही सुटली तर सुटू देतो. बूट घट्ट आहेत का? मी म्हटलं, नाही.

बूट घट्ट होते. पण ते बाबांनी दिले होते.

बाबा एकतीस वर्षं बुटांच्या दुकानात होते. माणूस दुकानात शिरला की ते आधी त्याच्या पायांकडे बघायचे, मग वर चेहऱ्यापर्यंत जायचे, तेही वेळ मिळाला तर. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी दुकानातून माझ्यासाठी दोन जोड घेतले, एक काळा, एक तपकिरी, दोन्ही आठ नंबर, आणि पार्सलने पाठवले. कॉलेजात मला आठच लागायचा. मग नोकरी लागली, बैठं काम, आठ किलो वजन वाढलं, आणि ते थोडंथोडं सगळीकडे वाटलं गेलं, पायांनाही त्यांचा हिस्सा मिळाला. मला आता नऊ लागतो. हे पार्सल आलं त्याच आठवड्यात सांगायला हवं होतं. काही गोष्टी पहिल्या आठवड्यात सांगितल्या नाहीत की मग सांगता येत नाहीत, पायच सवय करून घेतो.

शिवाय सांगणार कधी? आमचा फोन दर रविवारी, चार मिनिटं. टाकीचा व्हॉल्व्ह गळतो आणि शेजारच्यांचं कुत्रं भुंकतं, हे दोन विषय. आई होती तेव्हा फोन ती करायची आणि बाबा मागून "जेवतो का विचार", "थंडी आहे का विचार" असं म्हणायचे. तीन वर्षांपूर्वी आई गेली. मागून बोलायची सवय असलेल्या माणसाला पुढे कोणी उरलं नाही.

दोन महिन्यांपूर्वी ते डोळे तपासायला म्हणून माझ्याकडे दोन दिवस राहून गेले. ते पलंगावर, मी खाली जमिनीवर. निघताना दारात काढलेला माझा काळा बूट त्यांनी उचलला, उलटा करून टाच बघितली, आणि विचारलं, "ठीक?" मी म्हटलं, "ठीक." मग त्यांची बस आली.

तर मी फॉर्म भरला. रुग्ण मी, सांगणारा मी. 'इतर संभाव्य कारणे' या रकान्यात मी 'नाहीत' असं लिहिलं. हे काम मी चार वर्षं करतोय आणि त्या रकान्यात खोटं लिहिणाऱ्यांना मनातल्या मनात बऱ्याच शिव्या दिल्या आहेत.

फॉर्म गेल्यावर मी शोध घेतला. सगळ्या नोंदींमध्ये, याच औषधावर, याच नखाच्या, आधीच्या फक्त दोन केसेस होत्या. पहिली पोहायला शिकवणाऱ्या एका बाईंची, वय एकतीस. दुसरी एका पुरुषाची, सात आठवड्यांपूर्वी आलेली. डाव्या पायाचा अंगठा, माझ्यासारखाच. वय सत्तावीस. वजन अठ्ठावन्न. व्यसन नाही. झोप शांत. जेवण वेळेवर. सांगणारा: नातेवाईक.

मी त्याचं नाव थोरला ठेवलं. त्याचा क्रमांक माझ्या आधीचा, म्हणून थोरला.

त्याच्यात आणि माझ्यात अंगठा सोडून काही सारखं नव्हतं. माझं वजन सहासष्ट. मी दिवसाला चार सिगरेटी ओढतो, खिडकीत उभं राहून, म्हणजे घराबाहेर ओढल्यासारखं होतं. जेवण म्हणजे जेव्हा आठवेल तेव्हा अंडं उकडणं, आणि कधी ते उकडताना विसरणं. थोरला तसा नव्हता. थोरला नाकासमोर चालणारा माणूस होता, जरा लंगडत असेल इतकंच. आणि त्याच्यासाठी कुणीतरी फोन केला होता. आमच्याकडे सांगणारा किती वेळ लाइनवर थांबला त्याचीही नोंद होते. थोरल्याचा नातेवाईक बावीस मिनिटं थांबला होता. आमचं थांबायचं संगीत मी ऐकलंय. ते बावीस मिनिटं ऐकायला रक्ताचंच नातं लागतं.

मला त्याचा हेवा वाटला, आणि सोबतही वाटली. सकाळी संगणक उघडला की आधी त्याची केस उघडायची सवय लागली. काही बदललेलं नसायचं. दुपारी कॅन्टीनमध्ये एकटा बसलो की वाटायचं, कुठल्या तरी गावात तोही आत्ता टेबलाखाली बुटातून टाच बाहेर काढून बसला असेल. मात्र त्याच्यासमोर कोणीतरी असेल, आणि ते म्हणत असेल, अरे, जेव आधी.

आणखी एक गोष्ट होती. आमच्या कंपनीत तीन वेगवेगळ्या माणसांना एकाच औषधाने एकच अनोळखी त्रास झाला, तर तो विषय महिन्याच्या बैठकीत जातो. तिथे मोठे डॉक्टर बसतात, जगभरच्या कंपन्यांना विचारतात, आणि संबंध आहे असं वाटलं तर खोक्यातल्या कागदावर एक ओळ वाढते. पोहायला शिकवणाऱ्या बाई, थोरला, मी. तीन. ती ओळ छापली गेली, तर अंगठ्याचा दोष कॅप्सूलचा, हे कागदावर येणार होतं. मग बुटांचा विषय काढायची गरजच उरली नसती.

स्वतःची केस स्वतः हाताळायची नाही, हा नियम. म्हणून माझा फॉर्म चाळणीकडे गेला. चाळणी माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसते. एकाच माणसाची केस दोन वाटांनी दोनदा आली, तर ती पकडून एक करणं हे तिचं काम, आणि तिच्या हातून खडा निसटत नाही. तिने तिसऱ्या दिवशी मला बोलावलं आणि माझ्या खुर्चीकडे न बघताच सांगितलं,

"अंगठेबहाद्दर, तुझी केस दुबार आहे."

मी म्हटलं, मी दुबार नाही, मी एकदाच जन्मलोय. ती म्हणाली, पुरुष, तेच औषध, तोच पाय, तोच अंगठा, मशीन म्हणतं एक्क्याण्णव टक्के तोच माणूस. तुझी मागून आली, म्हणून तू त्याच्यात जाणार. एखाद्या शांतपणे जेवणाऱ्या माणसात मला विलीन करायचं ती अशा आवाजात सांगत होती, जसं कोणी डब्यात डबा ठेवतो.

मी भांडलो. मी सहसा भांडत नाही, पण या वेळी एका पायावर तयार होतो, दुसरा दुखत होता. वयात एक वर्षाचा फरक. वजनात आठ किलोंचा. तो सिगरेट ओढत नाही. त्याची झोप शांत आहे, माझी झोप म्हणजे छताची पाहणी. आणि मुख्य म्हणजे त्याला नातेवाईक आहेत, जे फोन करतात. हे मी जरा मोठ्याने बोललो असणार, कारण चाळणीने पहिल्यांदाच वर बघितलं.

प्रकरण डॉक्टरांकडे गेलं. आमचे डॉक्टर अकरा वर्षांपूर्वी खऱ्या रुग्णाला हात लावायचे, आता फक्त क्रमांकांना लावतात. त्यांनी दोन्ही केसेस शेजारी-शेजारी ठेवून बघितल्या आणि म्हणाले, सोपं आहे, पहिल्या केसच्या नातेवाईकाला फोन करा, वय-वजन पुन्हा विचारा, संपलं. चाळणी म्हणाली, हा करू देत फोन. मी नियमाची आठवण करून दिली.

"नियम स्वतःच्या केसचा आहे," ती म्हणाली. "तो तू नाहीस, असं तूच म्हणतोयस ना? मग कर फोन."

डॉक्टरांना यात चूक सापडली नाही. मलाही सापडली नाही.

दुपारी चार वाजता मी कानाला हेडफोन लावला. झाकलेला नंबर उघडायला एक कळ दाबून कारण लिहावं लागतं. मी लिहिलं, 'रुग्ण वेगळा असल्याची खात्री करणे.' नंबर दहा मिनिटांसाठी उघडला.

मला जगात एकच नंबर पाठ आहे. शाळेच्या पहिल्या दिवशी आईने तो माझ्याकडून घोकून घेतला होता, हरवलास तर सांगायचा म्हणून. पुढे सगळे नंबर मोबाइलमध्ये गेले, हा तेवढा डोक्यात राहिला. तोच पडद्यावर होता.

अशा वेळी पायाखालची वाळू सरकते म्हणतात. माझ्या पायाखाली ऑफिसचं कार्पेट होतं, ते जागेवर होतं. मी थोरल्याच्या नोंदीकडे पुन्हा बघितलं. वजन अठ्ठावन्न. व्यसन नाही. झोप शांत. जेवण वेळेवर. हा कोण, हे आता मला माहीत होतं. हा मीच, बाबांना ठाऊक असलेला.

शेजारून चाळणी बघत होती. नऊ मिनिटं उरली होती. मी नंबर लावला.

पाच वेळा वाजल्यावर त्यांनी उचलला. आमच्यासमोर बोलायचा एक ठरलेला कागद असतो, मी तो वाचला. "नमस्कार. औषध सुरक्षा विभागातून बोलतोय. हा कॉल रेकॉर्ड होतोय. आपण एका रुग्णाबद्दल आम्हाला कळवलं होतं."

पलीकडे थेंब पडत होते, ते ऐकू आले. व्हॉल्व्ह अजून गळत होता.

"हो," बाबा म्हणाले. "कळवलं होतं. बोला साहेब."

त्यांनी आयुष्यात मला साहेब म्हटलं नव्हतं. त्यांनी ओळखलं का, हे त्या आवाजावरून कळेना. दुकानात गिऱ्हाइकाशी बोलायचे तो आवाज होता तो.

मी वय विचारलं. म्हणाले, सत्तावीस, म्हणजे सव्वीस पूर्ण, सत्ताविसावं चालू. वजन विचारलं. अठ्ठावन्न. अलीकडे केलंय का, असं कागदावर होतं, म्हणून तेही विचारलं. ते म्हणाले, अलीकडे कोण करणार, त्याची आई दर वर्षी काट्यावर उभं करून वहीत लिहायची, वहीतला शेवटचा आकडा तेवढा आहे. आता बघितल्यावर जरा भरलेला वाटला, पण वाटण्याचं वजन कसं सांगणार?

व्यसन? नाही, म्हणाले. मग म्हणाले, खिडकीत काडेपेटी होती आणि शेगडीला तर लायटर आहे त्याच्याकडे, पण फोनवरच्या तुमच्या बाईंना मी 'व्यसन नाही' असंच सांगितलं. जेवण वेळेवर हे कशावरून, असं मी विचारलं. हा प्रश्न कागदावर नव्हता.

"मी होतो ते दोन दिवस जेवला," ते म्हणाले. "पुढचं धरून चाललोय."

त्रास कसा लक्षात आला, हा पुढचा प्रश्न. ते सांगायला लागले. पहाटे पाणी प्यायला उठले, तर तो खाली झोपला होता आणि पाय पांघरुणाच्या बाहेर होता. अंगठा मुळाशी सुजलेला, नख मागे रुतलेलं. एवढे पाय हाताळले पण असं नख बघितलं नव्हतं. त्याला उठवावंसं वाटलं. मग बेसिनपाशी गोळ्यांचं पाकीट दिसलं, त्यावरचं नाव आणि आतल्या कागदावरचा नंबर बसच्या तिकिटावर उतरवून घेतला. सकाळी विचारलं त्याला, ठीक का, तर ठीक म्हणाला. "त्याचं ते ठीकच असतं," बाबा म्हणाले. "बुटाची टाच बाहेरून झिजलेली होती, तरी ठीक."

सहा मिनिटं उरली होती. पुढचा प्रश्न मला वगळता आला असता. मी तो वाचला.

"या त्रासाचं दुसरं काही कारण असू शकेल का? उदाहरणार्थ, इजा, खेळ, घट्ट पादत्राणे."

थेंब ऐकू आले. आठ मोजले मी.

"तेच विचारायला फोन केला होता हो मी," ते म्हणाले, आणि आता तो दुकानातला आवाज राहिला नव्हता. "तुमच्या बाईंनी विचारलं, बूट घट्ट आहेत का. मी म्हटलं, नाहीत. एकतीस वर्षं लोकांना बूट घातले, माझ्याच मुलाला घट्ट कसे देईन? आणि फोन ठेवल्यावर आठवलं, दिले तेव्हा पाय कुठे मापला होता. आठ नंबर आपला असाच, डोक्यातला. दोन महिने तेच चाललंय डोक्यात. गोळीने झालं की बुटाने, एवढं सांगा. त्याला आता नऊ लागतो का?"

समोरच्या कागदावर अशा प्रश्नाला एकच उत्तर दिलेलं आहे: रुग्णाची वैयक्तिक माहिती आम्हाला देता येत नाही.

"हो," मी म्हटलं. "नऊ."

"रुंद?"

"रुंद."

"कधीपासून?"

"तीन वर्षं होतील."

"मग बोलला का नाही तो?"

"त्याची नोंद नाही," मी म्हटलं.

त्यांनी श्वास सोडला. हसू असेल, खोकलाही असेल, रेकॉर्डिंगवरूनही ते ठरवता आलेलं नाही. मग ते म्हणाले, बरं, लिहून घ्या, बूट घट्ट होते, चूक देणाऱ्याची. मी सांगितलं, आमच्याकडे चूक असा रकाना नाही, 'इतर संभाव्य कारणे' असा आहे. ते म्हणाले, मग तिथे लिहा. मी लिहिलं. ते टाइप होताना त्यांना ऐकू जात असणार, कारण मी थांबेपर्यंत ते बोलले नाहीत.

मी सांगितलं की गोळीचंही राहील. आमच्याकडे चार पायऱ्या आहेत, निश्चित, संभाव्य, शक्य, असंभव. गोळीपुढे 'शक्य'. बुटापुढेही 'शक्य'.

"म्हणजे नक्की कशाने, ते कळणार नाही?"

"एका माणसावरून नाही कळत."

"एकच आहे का?"

पडद्यावर दोन खिडक्या उघड्या होत्या. डावीकडे थोरला, उजवीकडे मी. तीनवर विषय बैठकीत जाणार होता. नाही, तीन आहेत, असं मी म्हणालो असतो तर त्यांच्या डोक्यातला बूट त्याच क्षणी निघाला असता.

"एक बाई आहेत, आणि हा एकच," मी म्हटलं. "दुसरा आम्हाला वाटला होता, पण तो हाच निघाला."

ते बरं म्हणाले. मग गोळी बंद केली का त्याने, असं विचारलं. मी म्हटलं, आठवडा झाला, डॉक्टरीणबाईंनीच थांबवली. पायात काय घालतो? चप्पल. पुढून उघडी? उघडी. असू दे, म्हणाले. दीड मिनिट उरलं होतं. पुन्हा फोन येईल का, असं त्यांनी विचारलं, आणि मी सांगितलं, नियमाप्रमाणे चौदा दिवसांनी, कामाच्या वेळेत.

"मी घरीच असतो," ते म्हणाले.

नंबर झाकला गेला.

चाळणीने विचारलं, काय ठरलं? मी म्हटलं, दुबार आहे. तिने जिंकल्यासारखं काही केलं नाही. माझ्या खुर्चीजवळ येऊन तिने थोरल्याची नोंद वाचली, मग माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा नोंद. "जेवण वेळेवर," ती वाचून म्हणाली, आणि तिचा डबा झाकण काढून माझ्या कीबोर्डपाशी ठेवून गेली. त्यात अर्धं सफरचंद होतं. मी ते खाल्लं. चार वाजून वीस मिनिटं झाली होती, ही वेळ कशाचीच नसते.

केस एकत्र करताना मशीन एकेक रकाना विचारतं, कुठली माहिती खरी? वय सव्वीस. वजन सहासष्ट. धूम्रपान, हो. झोप, अनियमित. थोरला असा रकान्यारकान्याने पुसला गेला, तेही माझ्याच हाताने. 'जेवण वेळेवर' वर आल्यावर मी थांबलो. डोळ्यांनी बघणारा एकच साक्षीदार होता आणि त्याची साक्ष दोन दिवसांची होती. मी तो रकाना तसाच ठेवला. शेवटी मशीनने विचारलं, दुसरा रुग्ण अस्तित्वात नाही, याची खात्री आहे का? मी हो दाबलं.

तीनचे दोन झाले. त्यांतल्या एकापुढे बूटही आला. डॉक्टर म्हणाले, अरेरे, बैठकीत जाता जाता राहिलं. त्या संध्याकाळी माझ्यासारखा अंगठा असलेली जगात एकच व्यक्ती उरली, आणि ती पोहायला शिकवत होती.

रविवारी मी घरी फोन केला. व्हॉल्व्ह बदलायला माणूस येऊन गेला, पण व्हॉल्व्ह विसरून आला होता. कुत्र्याला हल्ली कमी ऐकू येतं, त्यामुळे ते जास्त भुंकतं. चार मिनिटं झाली. पायाचं ते काही बोलले नाहीत, मीही बोललो नाही. फोन ठेवल्यावर मी खोलीत थोडा वेळ उभा राहिलो, मग बसलो. दोन खुर्च्या आहेत, त्यातल्या त्यात बदल म्हणून दुसऱ्या खुर्चीवर.

चौदाव्या दिवशी मी ऑफिसातून नंबर उघडला. पहिल्याच घंटीला त्यांनी उचलला. मी कागद वाचला, औषध सुरक्षा विभाग, कॉल रेकॉर्ड होतोय, रुग्ण आता कसा आहे?

"मला विचारता?" बाबा म्हणाले. "मला तो सांगत नाही काही. तुम्हालाच माहीत असणार. सांगा, मी लिहून घेतो."

आणि खरंच पेनाचं टोपण काढल्याचा आवाज आला. मग मी सांगितलं. वरची दोन नखं काढली, थोडं दुखलं, फार नाही. सूज उतरली. खाली नवं नख आहे, तांदळाच्या दाण्याएवढं, आणि ते पुढच्या दिशेने निघालंय. तपकिरी जोड कपाटात ठेवलाय. सिगरेटी तीनवर आल्यात. जेवणाचं त्यांनी विचारलं नाही, मी आपणहून सांगितलं. ते "हं" म्हणत लिहीत होते, मधे एकदा म्हणाले, हळू, साहेब. दहाव्या मिनिटाला नंबर झाकला गेला. मी पुन्हा कारण लिहून तो उघडला.

फोन संपल्यावर डॉक्टरांनी विचारलं, ही नखाची केस बंद करायची ना? बंद करायला शेवटच्या रकान्यात 'बरा झाला' असं लिहावं लागतं, तोपर्यंत फोन चालू ठेवावे लागतात, हा नियम. मी 'बरा होत आहे' असं लिहिलं होतं. मी डॉक्टरांना सांगितलं की पायाच्या अंगठ्याचं नख मुळापासून टोकापर्यंत यायला दीड वर्ष लागतं.

ते म्हणाले, मग राहू दे उघडी.